घरच्या घरी शूटर्स आणि कॉकटेल शॉट्स: कोकम, पन्हं, नारळाचं दूध आणि नीट माप

मे महिन्यात वेंगुर्ल्याला आमच्याकडे सगळी भावंडं जमतात, मुंबईवाले, पुण्यावाले, एक बेळगावची, आणि रात्री जेवणाआधी खळ्यात खुर्च्या टाकल्या की कोणीतरी म्हणतंच, "गो, तू पणजीत बारमागे काम केलंस ना, मग काहीतरी कर की." गेली काही वर्षं मी करतेय आणि दरवर्षी तेच प्रश्न येतात, कोकमाचं काय प्रमाण, लेयर कसे राहतात, जेली शॉट वितळतो का, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून काढलं.

आधी दोन शब्द सोडवून टाकते. शॉट म्हणजे नुसती दारू छोट्या ग्लासात, आणि शूटर म्हणजे दारूत आंबट-गोड काहीतरी मिसळून, थंड करून दिलेलं छोटं कॉकटेल. लोक दोन्हीला शॉटच म्हणतात, मीही म्हणते, पण बनवायला मजा शूटरमध्ये आहे, कारण 40-45 मिलीमध्ये आंबट, गोड, कडक आणि थंड हे चारही बरोबर जमावं लागतं. मोठ्या ग्लासात चूक झाली तर सोडा ओतून सावरता येते, इथे ती सोय नाही.

माप पहिलं, बाकी सगळं नंतर

आपल्याकडे स्मॉल पेग 30 मिली आणि लार्ज 60, क्वार्टर म्हणजे 180 मिली म्हणजे सहा स्मॉल, खंबा म्हणजे 750 मिलीची पूर्ण बाटली, म्हणजे पंचवीस स्मॉल. हे पाठ असू द्या. भारतात मिळणारी बहुतेक व्होडका, रम, जिन 42.8 टक्क्यांची असते, म्हणजे एका स्मॉल पेगमध्ये साधारण 10 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल जातं, आणि शरीराला तेवढं उतरवायला ढोबळमानाने एक तास लागतो, काहींना जास्तच. हा हिशोब डोक्यात ठेवूनच मी माझे सगळे शूटर जास्तीत जास्त 20 मिली दारूचे करते, 30 चे नाही. चवीला काडीचा फरक पडत नाही, आणि माणूस तिसऱ्या ग्लासाला पण शुद्धीत गप्पा मारतो.

जिगर, म्हणजे बारमधलं दारू मोजायचं छोटं माप, नसेल तर खोकल्याच्या औषधाबरोबर येतं ते प्लॅस्टिकचं टोपण घ्या, त्यावर 5 आणि 10 मिलीच्या रेघा असतात, गरम पाण्याने दोनदा धुवून वास गेला की उत्तम माप झालं. मी अजून तेच वापरते. नसेल तर टीस्पून 5 मिली, टेबलस्पून 15 मिली. ग्लास मात्र आधी पाण्याने मोजून घ्या, कारण दुकानात शॉट ग्लास म्हणून जे मिळतात त्यातले काही 30 चे असतात, काही 45, काही 60, आणि कटिंग चहाचा ग्लास त्याहून मोठा. अंदाजाने ओतणं इथेच सगळ्यात जास्त फसवतं. एका वर्षी घाईत मी मोजलं नाही, ग्लास 60 चे होते आणि मी 45 चे समजून भरत गेले, आमचा एक मावसभाऊ चार ग्लासात आडवा झाला आणि रात्रभर त्याच्याजवळ बसून राहावं लागलं. त्या दिवसापासून टोपण सोडलं नाही.

थंडावा आणि बर्फ

शूटर कोमट असेल तर तो वाईटच लागतो, कितीही महाग बाटली असू दे. व्होडका घरच्या फ्रीझरमध्ये गोठत नाही, नुसती जाडसर, तेलासारखी होते, म्हणून ती आदल्या दिवशीच आत टाकून द्या. ग्लास पण अर्धा तास आत.

फ्रीजच्या ट्रेमधला बारीक बर्फ आपल्या हवेत बघता बघता पाणी होतो आणि ड्रिंक पाणचट करतो, त्यापेक्षा आमटीच्या वाट्यांमध्ये पाणी गोठवा, मोठे गोळे होतात, दोनाचे चार तुकडे करून वापरा. शेकर नसेल तर घट्ट झाकणाची काचेची बरणी चालते, फक्त लोणच्याची नको, तो वास कितीही घासला तरी राहतो. बरणीत बर्फ आणि सगळं साहित्य घालून बारा आकडे मोजेपर्यंत जोरात हलवायचं. परदेशी व्हिडिओत सांगतात की बाहेरून दव आलं की थांबा, ते इथे धरू नका, आपल्याकडे हवाच इतकी दमट की तिसऱ्या आकड्याला बरणी घामाघूम होते आणि आतलं अजून कोमटच असतं. आकडे मोजा, किंवा हाताला बरणी धरवेनाशी झाली की थांबा. हलवताना बर्फ वितळून साधारण 20 ते 25 टक्के पाणी आत जातं, ते हवंच असतं, त्याशिवाय दारूची धार मोडत नाही.

अजून एक, बंदरावर बर्फाच्या कारखान्यातून मासळीसाठी लादी मिळते, स्वस्त मिळते, म्हणून ती फोडून ग्लासात घालायचा मोह होतो. अजिबात नको, तो बर्फ पिण्याच्या पाण्याचा असेलच असं नाही. पण त्याचा उपयोग आहे. मोठ्या टबात लादी फोडायची, पाच किलोला एक किलो जाडं मीठ (शिरोड्याच्या मिठागरांचं मिळालं तर आनंदच, 1930 चा मिठाचा सत्याग्रह झालेलं गाव ते), वर थोडं पाणी, आणि त्यात बंद बाटल्या गळ्यापर्यंत बुडवायच्या. मिठाने बर्फाचं तापमान शून्याच्या बरंच खाली जातं आणि बाटली फ्रीझरपेक्षा लवकर गार होते. लाईट गेली की हाच टब रात्र काढतो, आणि मे महिन्यात लाईट जातेच. बाटली बाहेर काढली की वरचं पाणी फडक्याने पुसून मगच ओता, नाहीतर खारं पाणी ग्लासात टपकतं.

कोकम शूटर

कामिकाझे नावाचा जुना शूटर आहे, व्होडका, ट्रिपल सेक नावाची संत्र्याची लिकर म्हणजे गोड दारू, आणि लिंबाचा रस, तिन्ही समान. मी ट्रिपल सेकच्या जागी अमृत कोकम घालते. रंग तर येतोच पण कोकमाचा आंबटपणा लिंबासारखा टोकदार नसतो, तो जिभेवर पसरतो.

इथे एक गोष्ट नीट वाचा. अमृत कोकम वेगळं आणि आगळ वेगळं. आगळ म्हणजे मीठ घालून काढलेला कोकमाचा रस, सोलकढीचा, आणि अमृत कोकम म्हणजे साखरेतलं सरबत. बाटल्या दिसायला सारख्या, दोन्ही काळपट लाल. पहिल्या वर्षी मी अंधारात आगळ उचललं आणि दहा जणांना समुद्राचं पाणी पाजल्यासारखं झालं. बाटलीवर मार्करने नाव लिहा आणि ओतण्याआधी बोटावर घेऊन चाखा.

एका ग्लासाला व्होडका 20 मिली, अमृत कोकम 12 मिली, ताज्या लिंबाचा रस 5 मिली, बोटाच्या चिमटीत मावेल त्याच्या अर्धं काळं मीठ. बर्फात बारा आकडे, गाळणीतून गाळून गार ग्लासात. हवी तर हिरव्या मिरचीची एक चकती बरणीतच टाका, बी काढून, हलवताना तिखटपणा उतरतो आणि गाळताना मिरची मागे राहते.

अमृत कोकम घरी करायचं असेल तर एप्रिल-मेमध्ये पिकलेले रतांबे, म्हणजे कोकमाची फळं, आणून धुवून पुसून, अर्धी करून बिया काढायच्या, सालींच्या वाट्यांमध्ये साखर भरून बरणीत थरावर थर लावायचे, सालींच्या वजनाच्या दीड ते दोनपट साखर, आणि बरणीच्या तोंडाला फडकं बांधून आठवडाभर उन्हात. आमच्याकडे बरणी पत्र्याच्या पडवीवर असते. दुसऱ्या दिवशीच तळाला बोटभर लाल पाणी दिसतं, रोज एकदा कोरड्या लाकडी चमच्याने ढवळायचं, आठव्या दिवशी साखर विरघळून साली सुरकुतलेल्या आणि पाक मधासारखा दिसला की गाळायचं. ओला चमचा गेला की बुरशी आलीच. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला 2016 ला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, आणि चव घेतली की ते का मिळालं हे कळतं.

पन्ह्याचा शूटर

हा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात लवकर संपणारा. दोन मध्यम कैऱ्या कुकरला तीन शिट्ट्या, गार झाल्या की गर काढायचा, गराइतकाच चिरलेला गूळ, पाव चमचा वेलची, चिमूटभर मीठ, मिक्सरला फिरवून दोनदा गाळायचं. दुसऱ्यांदा गाळणं टाळू नका, कैरीचा एक जरी धागा राहिला तरी एका घोटात पिताना घशात अडकतो. हा झाला पन्ह्याचा बलक, पाणी न घालता. ग्लासाला पांढरी रम 20 मिली, बलक 20 मिली, लिंबू 3-4 थेंब, भरपूर बर्फात हलवायचं. बलक दाट असल्याने पंधरा-सोळा आकडे मोजा.

ग्लासाच्या कडेला मीठ-तिखट लावायचं तर लिंबाची फोड कडेवरून अर्ध्याच भागावर फिरवा आणि मीठ-तिखटात टेकवा. अर्धी कड कोरडी ठेवली की ज्याला तिखट नको तो तिकडून पितो. गूळ पिवळा घ्या, काळपट गुळाने रंग मातकट होतो.

सोलकढीचा शूटर

हा करायला मला सगळ्यात जास्त आवडतो. पहिल्यांदा आत्येला दिला तर ती म्हणाली, "ह्यां काय गो, सोलकढीत दारू घातलंस?" आणि मग दुसरा मागितला.

ओल्या नारळाचं पहिलं दाट दूध काढा, कोमट पाणी अगदी बेताचं घालून. 25 मिली दूध, 20 मिली व्होडका, 5 मिली आगळ (इथे आगळच, अमृत कोकम नाही), 5 मिली साखरेचा पाक, आलं किसून पिळलेले चार थेंब. पाक म्हणजे समान साखर आणि गरम पाणी, ढवळून गार. लसूण मी घालत नाही, जेवणातल्या सोलकढीत हवी, इथे व्होडकाबरोबर तिचा वास उग्र होतो. गाईच्या दुधात आंबट घातलं की ते फाटतं, नारळाच्या दुधाचं तसं होत नाही, फार तर ठेवल्यावर थर वेगळे होतात, ढवळलं की एक होतं. पण नारळाचं तूप थंडीत घट्ट होतं, म्हणून दूध फ्रीजमध्ये तासन्‌तास ठेवलं की वर पांढरी चकती धरते आणि ड्रिंकमध्ये कण येतात. उपाय हाच की दूध ऐनवेळी काढा, आठ-दहा आकडेच हलवा आणि लगेच द्या. आणि उकाड्यात दूध दोन तासांवर बाहेर ठेवू नका, नासतं.

थरांचा शूटर

बी-फिफ्टीटू सगळ्यांना माहीत असतो, खाली कलुआ म्हणजे कॉफी लिकर, मध्ये बेलीज म्हणजे आयरिश क्रीम, वर ग्राँ मार्निए म्हणजे संत्र्याची लिकर, तिन्ही 20-20 मिली. हे थर राहतात ते वजनामुळे, साखर जास्त ते जड आणि खाली, अल्कोहोल जास्त ते हलकं आणि वर. लिटरभर पाणी एक किलो, आपली व्होडका साधारण 950 ग्रॅम, आणि समान साखरेचा पाक 1200 ग्रॅमच्याही वर भरतो. एवढं कळलं की कुठल्याही दोन बाटल्यांमध्ये खाली काय आणि वर काय हे स्वतःच ठरवता येतं.

आपला कोकणी थर असा. तळाला 15 मिली अमृत कोकम. मग 15 मिली नारळाचं दूध, त्यात पाव चमचा पिठीसाखर विरघळवून. ही साखर चवीपुरती नाही, ती दूध थोडं जड करते म्हणजे वरची रम त्यात शिरत नाही. वर 15 मिली डार्क रम. चमचा उलटा धरायचा, त्याचं टोक ग्लासाच्या आतल्या भिंतीला आणि खालच्या थराच्या अगदी वर, आणि चमच्याच्या पाठीवरून धार नाही तर धागा सोडायचा. बाटलीतून थेट ओतू नका, टोपणातून ओता, हात थरथरत नाही. नीट जमलं तर खाली माणकासारखा लाल, मध्ये पांढरा आणि वर तपकिरी दिसतो, आणि मधल्या दोन रेघा पहिल्या मिनिटात कापल्यासारख्या असतात, नंतर हळूहळू धूसर होतात, त्यामुळे सगळे ग्लास आधी भरून ठेवू नका, दोन-दोन करून द्या. आग लावून देतात तसले प्रकार माझ्या घरी होत नाहीत, गवताच्या मांडवाखाली आणि पोरांच्या मध्ये तर नाहीच नाही.

शहाळ्याचे जेली शॉट

जिलेटिन दोन कारणांनी नको, एक म्हणजे ते प्राण्यांपासून बनतं आणि घरात कोणी ना कोणी शाकाहारी असतंच, दुसरं म्हणजे मे महिन्याच्या दुपारी ते ताटातच पाघळतं. चायना ग्रास वापरा, समुद्रातल्या शेवाळापासून बनतं, फ्रीजबाहेर पण घट्ट राहतं.

200 मिली शहाळ्याचं पाणी, त्यात सपाट एक टीस्पून आणि वर चिमूटभर चायना ग्रासची पावडर, गार असतानाच ढवळून मग गॅसवर ठेवा आणि उकळी आल्यावर दोन मिनिटं सतत ढवळा. चमच्यावर कण दिसेनासे झाले पाहिजेत. दोन टेबलस्पून साखर, गॅस बंद. लिंबू घालायचं तर आता, उकळताना नाही, आंबटात उकळलं की जेली धरत नाही. तीन-चार मिनिटं थांबून 100 मिली व्होडका ओता, आणि ही व्होडका फ्रीझरमधली नको, बाहेरची हवी, नाहीतर गार लागताक्षणी गुठळ्या होतात. लगेच साच्यात, तळाला शहाळ्याच्या मलईचे बारीक तुकडे टाकलेत तर अजून छान. 25 मिलीचे बारा होतात, प्रत्येकात 8 मिलीच्या आसपास व्होडका, म्हणजे चार खाल्ले की एक स्मॉल झाला. दारू एक तृतीयांशाच्या वर नेऊ नका, जेली बसत नाही. आणि हे खाऊसारखे दिसतात, म्हणून पोरांच्या हाताला लागणार नाहीत असेच ठेवा, मी बाजूला बसूनच वाटते.

दहा जणांसाठी आधी करून ठेवायचं असेल तर

कोकम शूटरचं प्रमाण असं: व्होडका 200, अमृत कोकम 120, लिंबू 50, पाणी 80, पाव चमचा काळं मीठ, होतात 450 मिली, म्हणजे 45 चे दहा ग्लास. पाणी घालायचंच, कारण बर्फात हलवताना जे मिसळतं ते इथे नसतं. बाटलीत भरून रात्रभर फ्रीजला, देण्याआधी तासभर फ्रीझरला, रात्रभर फ्रीझरला ठेवलं तर गोळा होईल. गाडी चालवणाऱ्यांसाठी हेच व्होडकाशिवाय, त्याजागी नारळपाणी, त्याच ग्लासात, तितकंच थंड. आमचा एक भाऊ दारू सोडून तीन वर्षं झाली, त्याला वेगळ्या स्टीलच्या पेल्यात सरबत देताना मला बरं वाटत नव्हतं, म्हणून सुरुवात केली.

काय वापरायचं नाही, काय विसरायचं नाही

फेणीचा खूप आग्रह होतो. काजूच्या फेणीला 2009 ला जीआय मिळालंय, उर्राक, म्हणजे काजूच्या बोंडांची पहिल्या धारेची हलकी दारू, तर उन्हाळ्यातच मिळतो, लिम्का, मीठ आणि चिरलेली मिरची घालून झकास लागतो, पण तो गोव्यात बसून प्या. परमिटशिवाय गोव्याची बाटली महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे आणि बांद्याजवळ इन्सुलीच्या नाक्यावर तपासणी असते. सीलबंद नसलेली, ओळखीच्याने आणून दिलेली गावठी तर कधीच नाही. मुंबईत मालाडच्या मालवणीत 2015 ला अशाच विषारी दारूने शंभरावर माणसं गेली, त्यातलं मिथेनॉल हे विषारी अल्कोहोल ना वासाने कळतं ना चवीने. महाराष्ट्रात हार्ड ड्रिंकसाठी वय 25 आणि बियरसाठी 21 लागतं, परमिटही काढावं लागतं, घरात कॉलेजची पोरं असतील तर त्यांना कोकम सरबत द्या आणि कारण पण सांगा.

शूटर एका घोटात जातो आणि गोड असतो, म्हणून चढल्याचं उशिरा कळतं. मी दोन ग्लासांमध्ये पाऊण तास ठेवते, मध्ये पाणी, आणि सुरुवातच तळलेल्या बांगड्याने, भाताने नाहीतर घावण्याने, रिकाम्या पोटी कोणालाच नाही. झोपेच्या गोळ्या किंवा काही अँटिबायोटिक चालू असतील तर अजिबात नाही. गाडीला रक्तात 100 मिलीमागे 30 मिलीग्रॅमची कायदेशीर मर्यादा आहे, दोन शूटरमध्येही ती ओलांडू शकते, म्हणून किल्ल्या मी आधीच शेल्फवर ठेवून घेते. आणि प्यायल्यावर समुद्रात उतरायचं नाही, गुडघाभर पाण्यात पण नाही, रात्री तर नाहीच. कोणी हलवूनही उठत नसेल, श्वास मंद किंवा थांबत-थांबत येत असेल, ओठ निळसर दिसत असतील तर कुशीवर वळवा, एकट्याला सोडू नका आणि लगेच 108 ला फोन करा, "झोपला की उतरेल" म्हणून वाट बघू नका.

आवरताना नारळाच्या दुधाचे ग्लास आधी गरम पाण्यात घाला, तूप चिकटलेलं असतं, थंड पाण्याने निघत नाही. उरलेला कोकमाचा बॅच बंद बाटलीत फ्रीजला तीन-चार दिवस चांगला राहतो, पन्ह्याचा बलक दारू न घालता आठवडाभर, आणि सोलकढीचं जे उरेल ते त्याच रात्री ओतून टाका.